चंद्री निळी झाली का?

आमच्या घराण्यात पितृत्वाचा वाद आजवर एकदाच झाला, आणि त्यातले दोन्ही संशयित मेंढे होते.

बाकी घराणं सभ्य आहे. मी नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. जन्मभर मुलांकडून दोन डोंगर, मधोमध सूर्य आणि खाली नदी काढून घेतली (सूर्य उगवतोय की मावळतोय, हे ना मुलांनी कधी सांगितलं, ना मी विचारलं!) आणि निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं सिन्नरकडच्या आमच्या शेतावर राहायला गेलो. निवृत्त घरात काहीतरी चाळा लागतोच. कुणी हास्यक्लबात जातं, कुणी सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतं. आमच्याकडे सुमनने मेंढ्या पाळल्या.

सुमन म्हणजे माझी बायको. तिचं माहेर नामपूरचं. तिथे तिचे वडील, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, कांदा पिकवतात आणि मेंढ्यांवर जीव टाकतात. आम्ही शेतावर आलो तेव्हा नानांनी मनमाडच्या बाजारातून एक मेंढी घेऊन लेकीला दिली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून ती चंद्री. चंद्रीला मुलगा झाला, तो साहेब. हे नाव सुमनने ठेवलं, कारण शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांसारखा तो न सांगता यायचा आणि कुठेही तोंड घालायचा. साहेबाला पुढे सावळी आणि कवडी अशा दोन मुली झाल्या. शिवाय आम्ही बाजारातून आणलेल्या चार मेंढ्या होत्या, त्यांना आम्ही नुसतं ‘बाजारवाल्या’ म्हणायचो. एवढाच आमचा कळप.

एकदा नाना आले, बांधावर बसले, आणि बराच वेळ कळपाकडे बघत राहिले.

"सुमन," ते म्हणाले, "तुना साहेबले आते त्यानाच पोरीसमा सोडशी का?"

"त्यात काय नाना?" मी मध्येच बोललो. (मध्येच बोलायची सवय शाळेतली.) "मेंढ्यांना कुठे कळतंय नातं?"

नानांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "मेंढासले नही कळत, जावईबापू. म्हनीसन आपले कळाले पाह्यजे."

मग त्यांनी मला समजावलं. एकच मेंढा स्वतःच्या आईला, मुलींना, नातींना लागत राहिला की कोकरं किरटी निघतात, तग धरत नाहीत, आणि कळप बघता बघता बसतो. म्हणून चंद्री, सावळी आणि कवडी या तिघींसाठी बाहेरचा मेंढा हवा. साहेबाने बाजारवाल्यांवर समाधान मानावं. आणि बाहेरचा मेंढा म्हणून नाना स्वतःचा सरदार पाठवायला तयार होते.

सरदार! नामपूरच्या घरी त्याचा मान माझ्यापेक्षा वरचा. काळा, रुंद छातीचा, बाकदार नाकाचा. उजव्या कानाचं टोक मात्र पुढे दुमडलेलं, वहीच्या पानाचा कोपरा दुमडावा तसं. नाना त्याला टेम्पोतून घेऊन आले, उतरवलं, आणि त्याच्या मानेवर हात ठेवून जे बोलले ते ऐकून मला जरा गलबलून आलं.

"याना आते उमर व्हयनी. ह्या साली नही तर परत नही. याना एक बी पोरगा मना कळपमा नही, सगळा ईकी टाकात मी. अक्कल नही व्हती. चंद्रीले याना पोरगा व्हयना ना, तर तो माले द्या. बाकी सगळी कोकरं तुमनी."

म्हणजे प्रश्न नुसत्या मेंढ्यांचा नव्हता, नानांच्या सरदारला वारस मिळण्याचा होता, आणि तो चंद्रीसारख्या थोराड मेंढीच्याच पोटी यावा अशी त्यांची इच्छा होती. आणि समजा, चंद्रीला साहेबच लागला तर? मग मायलेकरांचं ते कोकरू नाना दारातही उभं करणार नव्हते.

"नाना, तुम्ही निर्धास्त राहा," मी छाती पुढे काढून म्हणालो. "मी शास्त्रशुद्ध नियोजन करतो."

हे ऐकून सुमनने कपाळाला हात लावला.

नाना दोन दिवस राहिले. तेवढ्यात मी सरदारचं पेन्सिलने एक चित्र काढलं आणि निघताना त्यांच्या हातात दिलं. नाना चष्मा लावून कितीतरी वेळ बघत होते.

"हा कोन शे?"

"सरदार!"

"याना दोन्ही कान सरळ शेतस."

"कलेत थोडं सुधारून घ्यावं लागतं नाना. तो दुमडलेला कान चित्रात वाईट दिसतो."

"मंग हा सरदार नही. हा सरदारना मोठा भाऊ व्हई," असं म्हणून नानांनी चित्राची गुंडाळी करून पिशवीत ठेवली आणि टेम्पोत बसले. माझ्या कलेची कदर न होण्याची मला सवय आहे.

मग मी नियोजनाला लागलो. गोठ्याच्या भिंतीवर रंगीत खडूंनी मेंढ्यांची वंशावळ काढली. सुमन पाणी घेऊन आली आणि बघत उभी राहिली.

"काय हो, माझ्या चुलत बहिणी किती?"

"हे काय मध्येच?"

"सांगा ना."

"असतील चार-पाच."

"परवाच्या लग्नात माझ्या सख्ख्या मावशीला तुम्ही वरमाई समजून वाकून नमस्कार केलात. तिच्या हातात आहेर पण दिलात. ती तो घेऊन गेली! आणि तुम्ही मेंढ्यांची सोयरीक जुळवणार?"

मी तिकडे लक्ष दिलं नाही. गोठ्याच्या मध्ये बांबू आणि जाळी लावून दोन भाग केले. एका भागात सरदार आणि घरच्या तिघी, दुसऱ्यात साहेब आणि बाजारवाल्या. इथपर्यंत कुणीही केलं असतं. पण चित्रकलेच्या शिक्षकाचं डोकं इथून पुढे सुरू होतं! मी साहेबाच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासला आणि सरदारच्या छातीला तेलात कालवलेली नीळ. मेंढा मेंढीवर गेला की त्याच्या छातीचा रंग तिच्या पाठीच्या मागच्या भागाला लागणार. लाल दिसली म्हणजे साहेब, निळी दिसली म्हणजे सरदार. पुरावा डोळ्यांसमोर!

"आणि चुकून दोघं एकीवरच गेले तर?" सुमनने विचारलं.

"तर जांभळी! लाल अधिक निळा बरोबर जांभळा. रंग कधी खोटं बोलत नाहीत, सुमन."

"माझं शेंगदाण्याचं तेल संपवलंत ना सगळं?" ती म्हणाली.

पहिले काही दिवस माझं नियोजन इतकं छान चाललं की मला शाळेत वाया गेल्यासारखं वाटायला लागलं. बाजारवाल्या एकेक करून लाल झाल्या. सावळी निळी झाली. मी तिचा मागून फोटो काढला आणि ‘सरदारचं काम झालं. आता दोघी राहिल्या’ असं लिहून नानांना पाठवला. निदान माझी तशी समजूत होती. प्रत्यक्षात तो सुमनच्या माहेरच्या ग्रुपवर गेला. तिथे त्या दिवशी तिच्या भाचीच्या साखरपुड्याचे फोटो येत होते. सावळीच्या पार्श्वभागाखाली धडाधड उत्तरं आली. ‘खूप छान.’ ‘जोडी शोभून दिसते.’ ‘फोटो कुणी काढला?’ या शेवटच्या प्रश्नाला मी उत्तरही दिलं.

कवडीही निळी झाली. राहिली चंद्री. सरदार जवळ आला की ती शांतपणे उठून दुसऱ्या कोपऱ्यात जायची. इकडे नानांचा सकाळ-संध्याकाळ फोन.

"जावईबापू, चंद्री निळी व्हयनी का?"

"नाही अजून नाना."

"बरं." आणि फोन बंद. संध्याकाळी पुन्हा, "चंद्री निळी व्हयनी का?"

एकदा मी किराणा दुकानात असताना स्पीकरवर फोन घेतला. दुकानदाराने मला हळूच विचारलं, "सर, घरात कुणी आजारी आहे का?"

मी गोठ्यात जाऊन चंद्रीला समजावू लागलो. सुमनने मला बाहेर काढलं. "तुम्ही मध्ये उभे राहता म्हणून ती लाजते. मला बघायला आला होतात तेव्हा नाना मध्ये उभे होते का?"

"होते की! पूर्ण वेळ!"

"म्हणूनच मी तेव्हा तुम्हाला नीट पाहिलं नाही," ती म्हणाली. या विषयात आमच्या घरी तिचाच शब्द शेवटचा असतो.

आणि मग आली रंगपंचमी.

इथे थोडं सांगायला हवं. मी जुन्या नाशकात वाढलो. तिथे रंगपंचमीला रहाड असते. वर्षभर मातीखाली झाकलेला मोठा दगडी हौद त्या दिवशी उघडतात, पूजा करतात, फुलं उकळून केलेला रंग त्यात ओततात, आणि मग माणसं धडाधड उड्या मारतात. या उडीला आम्ही धप्पा म्हणतो. आमच्या गल्लीजवळच्या रहाडीचा रंग केशरी, आणि तो अंगावरून दिवसचे दिवस जात नाही. मी कळायला लागल्यापासून एक वर्ष धप्पा चुकवलेला नाही. निवृत्त झालो तेव्हा शाळेने शाल दिली, पण मला खरा मान वाटतो तो रहाडीच्या काठावर ‘सर आले, सर आले, जागा द्या’ असं म्हणतात त्याचा.

सकाळी मी निघालो तर सुमन दारात. "आज जाऊ नका. चंद्री सकाळपासून शेपटी हलवतेय, जाळीशी घुटमळतेय. माजावर आली ती. आज लक्ष ठेवायला हवं."

"मग उत्तम! तू आहेस ना. आणि मी तिच्याच कामासाठी चाललोय." (ही कल्पना मला त्याच क्षणी सुचली होती.) "आपला गेरू वाळून गळून पडतोय. आज जर साहेब जाळी ओलांडून गेला तर रंगच लागणार नाही, आपल्याला कळणार कसं? मी रहाडीचा रंग आणतो. पक्का. साहेबाच्या छातीला एकदा लावला की पोळ्यापर्यंत बघायला नको."

"अहो, जाळी बांधा त्यापेक्षा. एका बाजूने सुटलीय."

"आल्यावर बांधतो," मी म्हणालो आणि बस पकडली.

धप्पा अप्रतिम झाला. त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. डोक्यापासून पायापर्यंत केशरी होऊन मी काठावर आलो आणि तिथल्या पोरांकडे तेलाचा रिकामा डबा पुढे केला.

"सर, घरी कशाला रंग?"

"मेंढ्याच्या छातीला लावायचाय."

एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, पण डबा भरून दिला. जुन्या शिक्षकाला फार प्रश्न विचारत नाहीत. परतीच्या बसमध्ये कंडक्टरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हात जोडले. "बाबा, तेवढं बसू नका. सीट नवी हाय." मी सिन्नरपर्यंत डबा छातीशी धरून उभा होतो. माझ्या आसपास भरपूर जागा होती.

शेतावर पोचलो तेव्हा सुमन विहिरीकडे गेली होती. मी म्हटलं, ती यायच्या आत काम उरकावं, म्हणजे तिला चकित करता येईल. (ते जमलं.) डबा उघडून मी साहेबाच्या भागात शिरलो आणि नेहमीच्या प्रेमळ आवाजात म्हणालो, "साहेब, ये."

मेंढ्या माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात, हे मला पुढे कळलं. साहेबाला दिसला तो केस, कान, मिशा, शर्ट, सगळं केशरी असलेला, हातात डबा घेतलेला एक अनोळखी इसम. एरवी कुठेही तोंड घालणारा साहेब दोन पावलं मागे सरकला, एक भयंकर आवाज काढला आणि उलट वळून थेट जाळीवर गेला. जाळी एका बाजूने सुटलेलीच होती (सुमनने ते सांगितलं होतं, हे ती आजही सांगते). बांबू पडला. त्याच्यामागून चारही बाजारवाल्या धावल्या. पलीकडून सरदार डोकं खाली घालून आला. त्याला वाटलं असावं, आपल्यावर हल्ला झाला. मी "अरे, मीच आहे, सर!" असं ओरडत मध्ये गेलो, आणि सरदारची धडक मला अशा ठिकाणी बसली की डबा वर उडाला आणि मी खाली बसलो.

डबा सावकाश उलटा झाला. तो रंग आधी माझ्या डोक्यावर आला, मग जमिनीवर, आणि मग त्या केशरी चिखलातून अख्खा कळप माझ्या अंगावरून गोठ्याबाहेर गेला. डोळे पुसून पाहतो तर समोर शेजारच्या शांताबाईंच्या कांद्यात सात मेंढ्या आणि दोन मेंढे, एकूण एक केशरी! मागोमाग सुमन विहिरीवरून, आणि शांताबाई घरातून धावत आल्या. शांताबाईंच्या हातात काठी होती, पण कळप बघून ती खाली आली.

"सर, लय रंगल्या हो तुमच्या मेंढ्या! रहाडीला नेल्या व्हत्या का?"

आम्ही तिघांनी मिळून कळप कसाबसा परत आणला, आणि मी धापा टाकत पहिला चंद्रीच्या मागे गेलो. पुरावा!

चंद्रीच्या पाठीमागे ना लाल होतं, ना निळं, ना जांभळं. होता तो गोठ्याच्या जमिनीसारखा मातकट रंग. मी बघतच राहिलो. निळा आणि केशरी हे पूरक रंग. ते एकत्र आले की एकमेकांना मारतात आणि उरतो मातकट. हे मी दर वर्षी सातवीला शिकवायचो! फळ्यावर चक्र काढून शिकवायचो! आता सरदारची नीळ लागून वर चिखलाचं केशरी बसलं होतं, की चिखलातल्या केशरीवर साहेबाचा गेरू आणि सरदारची जाता जाता घासलेली छाती, हे सांगायला जगात कुठलाही चित्रकार पुरा पडला नसता.

"शांताबाई," मी शेवटची आशा म्हणून विचारलं, "कांद्यात चंद्रीजवळ कोण होतं, पाहिलंत का?"

"पाह्यलं ना. दोगंबी व्हते."

"पण तिच्यावर कोण गेलं?"

"येक जन गेला व्हता खरा." शांताबाई विचार करू लागल्या. "पन सर, तवा तिकडं दोन मेंढे आन् तुमी, तिगंबी केशरी. मला लांबून नाय वळखू आलं."

सुमन पदर तोंडात कोंबून गोठ्यात निघून गेली. तेवढ्यात फोन वाजला.

"जावईबापू, चंद्री निळी व्हयनी का?"

"नाना, निळी... म्हणजे त्यात निळा असणार. असायला हवा."

"त्यात म्हंजे कशामा?"

सुमनने बाहेर येऊन फोन माझ्या हातातून काढून घेतला. "नाना, चंद्री मातकट झालीय. सगळा कळप केशरी झालाय. तुमचे जावई पण."

 मग नाना म्हणाले, "बरं. मी येस."

नाना आले तोवर मेंढ्यांचा रंग थोडा उतरला होता, माझा नव्हता. त्यांनी चंद्रीला पुढून, मागून पाहिलं, नंतर मलाही तसंच पाहिलं. माझे कान अजून केशरी होते. त्यांनी मला एक शब्द लावला नाही. सरदारला टेम्पोत चढवताना त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले आणि एवढंच म्हणाले, "चाल रे म्हातारा. जे व्हई ते व्हई." ते बोलले असते तर बरं झालं असतं. टेम्पो वळणावर गेला आणि मला इतकं वाईट वाटलं की मी मुकाट्याने जाऊन जाळी बांधली.

मेंढी व्यायला पाच महिने लागतात. ते पाच महिने कसे गेले, ते मला विचारू नका. चंद्री गाभण आहे हे दिसू लागलं. नामपूरहून फोन यायचा, पण आता नाना ‘निळी झाली का’ विचारत नव्हते. "चंद्री खास का?" म्हणजे खाते का, एवढंच. सरदारला त्यांनी कळपात सोडणं थांबवलं होतं. तो ओट्याशी बसून असायचा. म्हणजे जे काही होतं ते चंद्रीच्या पोटात होतं. मी तिला रोज स्वतः घास घालू लागलो. सुमन म्हणायची, "माझ्या बाळंतपणात तुम्ही चित्रांचं प्रदर्शन बघायला पुण्याला गेला होतात." मी हिरवा चारा आणखी बारीक कापायचो.

पोळ्याच्या आधी चंद्री अस्वस्थ झाली तसे नाना पहिल्या गाडीने आले, कापडी पिशवी खांद्याला लावून. दिवस वर आला आणि चंद्री व्याली. नर! नानांनी टोपी काढून पुन्हा घातली. पण कोकरू काळं, चंद्रीही काळसर, साहेबही काळसर. रंगाने इथेही मला दगा दिला!

"नाना," सुमन एकदम म्हणाली, "कान!"

आम्ही सगळे कानांकडे बघू लागलो. सरदारचा दुमडलेला कान! पण तो प्रत्येक पोरात उतरतोच असं नाही, हे नानांना माहीत होतं. सावळी आणि कवडी आधीच व्याल्या होत्या, दोघींना मुली, आणि कान एकीचाच दुमडलेला. इथे तर कोकराचे दोन्ही कान ओले, डोक्याला चिकटलेले. चंद्री चाटत होती. बांधावरून शांताबाई आल्या आणि त्याही वाकून बघू लागल्या. कुंपणावरून साहेबाने तोंड घातलं. चार माणसं आणि एक साहेब, सगळे श्वास रोखून एका कोकराचे कान वाळायची वाट बघत होते.

डावा कान सुटला. सरळ. तो सरळच असायला हवा होता, तरी मला घाम फुटला. उजवा चिकटूनच. चंद्रीने एकदा चाटलं, दोनदा चाटलं, आणि उजवा कानही वर आला. सरळ!

नानांनी मान खाली घातली. मी मनात म्हणत होतो, वाकडा हो, अरे वाकडा हो. ज्या माणसाने चित्रात तो कान सरळ केला होता, तोच आता हात जोडून तो वाकडा व्हावा म्हणून गयावया करत होता! कोकरू धडपडत उभं राहिलं, एकदा शिंकलं, डोकं झटकलं. आणि उजव्या कानाचं टोक हळूच पुढे दुमडलं.

"मना सरदार!" नाना ओरडले. "मना सरदारना पोरगा!" त्यांनी ते कोकरू उचलून पोटाशी धरलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मीही रडलो. सुमन रडली. शांताबाई म्हणाल्या, "मला वाटलंच व्हतं, कांद्यात सरदारच व्हता, सर तर पळत व्हते."

चहा झाल्यावर नानांनी कापडी पिशवीतून एक गुंडाळी काढली. मी दिलेलं सरदारचं चित्र! ते फ्रेम करून घराच्या भिंतीवर होतं, नानांनी ते आज मुद्दाम फ्रेममधून काढून आणलं होतं. माझा ऊर भरून आला.

"जावईबापू, येनारा जानारा इचारस, हा कोन? आते याना कान वाकडा करी द्या."

मी धावत जाऊन माझी रंगांची पेटी आणली. ती उघडणार तोच नानांनी झाकणावर हात ठेवला.

"पेन्सिल. रंग नका."

मी तिघांसमोर बसून मन लावून कान दुमडला. हवा तसा, पानाच्या कोपऱ्यासारखा. नानांना दिला. त्यांनी चष्मा लावला. सुमन त्यांच्या खांद्यावरून वाकली.

"अहो," ती म्हणाली, "हा डावा कान आहे."

चित्र समोरून काढलं की उजवा कान आपल्या डाव्या हाताला येतो. हेही मी सातवीला शिकवायचो. मी घाईने चित्र परत ओढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या," नाना चित्रासाठी हात पुढे करत म्हणाले, "दुसराबी वाकडा करू नका आते." पण तोवर मी दुसराही दुमडला होता. हल्ली नामपूरच्या त्या भिंतीवर दोन्ही कान पडलेला एक मेंढा आहे, आणि कुणी हा कोण असं विचारलं की नाना म्हणतात, "जावईनं काढेल शे." पुढे कुणी काही विचारत नाही.